कूस बदलताच घर फिरते? मग या चुका टाळा

पहाटे उजव्या कुशीवर वळताच छताचा पंखा, खिडकीचे गज आणि समोरचे कपाट गरगर फिरू लागावे, घाबरून पलंगाची कड घट्ट धरावी आणि अर्ध्या मिनिटात सारे पुन्हा जागेवर यावे, हा अनुभव विलक्षण घाबरवणारा असतो. घरातले लोक मात्र लगेच निदान करून मोकळे होतात: पित्त झाले, बीपी वाढले, नाहीतर मानेचे मणके झिजले. पहिली चूक इथेच होते, कारण कूस बदलताना, अंथरुणातून उठताना किंवा वर पाहताना येणारी आणि मिनिटभराच्या आत थांबणारी गरगर बहुतेक वेळा कानामुळे असते.

आंतरकर्णातल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिकांमधला द्रव डोके कसे वळले याची खबर मेंदूला देतो. शेजारच्या एका पिशवीत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म स्फटिक असतात. वाढत्या वयामुळे किंवा डोक्याला मार लागल्याने ते सुटून नलिकेत शिरले, की डोके थांबल्यावरही द्रव हलत राहतो आणि आपण फिरत असल्याची खोटी बातमी मेंदूपर्यंत पोहोचते. डॉक्टर याला बीपीपीव्ही म्हणतात.

माझ्या आईने या त्रासासाठी दीड महिना मानेला पट्टा बांधला होता, कारण एक्स-रेमध्ये मणक्यांची झीज दिसली होती. साठीनंतरच्या बहुतेकांच्या एक्स-रेत ती दिसते. तेवढ्यावरून चक्कर मानेचीच आहे असे ठरत नाही. पुढे कान-नाक-घसा तज्ज्ञांनी तिला बसवले, मान 45 अंश वळवली, पटकन मागे आडवे केले आणि डोळे उघडे ठेवायला सांगितले. काही सेकंदांतच तिची बुबुळे फिरकी घेत झटके देऊ लागली, आणि दोष कोणत्या कानात आहे हे तिथेच कळले. 1952 पासून माहीत असलेली ही डिक्स-हॉलपाइक चाचणी एखादे मिनिट घेते. तिच्याआधी एमआरआयचा खर्च करण्याची गरज सहसा पडत नाही.

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे चकरेच्या गोळ्या महिनोन्‌महिने घेत राहणे. गोळीने मळमळ आणि गरगर काही काळ दबते, पण नलिकेतला स्फटिक गोळीने बाहेर निघत नाही. सिनारिझिन किंवा प्रोक्लोरपेराझिन दीर्घकाळ घेतल्यास वयस्कर माणसांत हातांना कंप आणि हालचालींत मंदपणाही येऊ शकतो.

स्फटिक जागेवर नेण्याचा खरा उपाय म्हणजे जॉन एप्ली यांनी 1992 मध्ये प्रसिद्ध केलेली, डोके क्रमाने फिरवण्याची पद्धत. तीही व्हिडिओ पाहून चुकीच्या कानासाठी केली जाते, किंवा घाईने उरकली जाते. बाधित कानाकडे मान 45 अंश वळवून, खांद्याखाली उशी घेऊन, डोके किंचित मागे झुकेल असे आडवे व्हायचे. मग मान विरुद्ध बाजूला 90 अंश वळवायची. त्यानंतर अंगासकट त्याच कुशीवर वळून नजर जमिनीकडे न्यायची आणि शेवटी सावकाश उठून बसायचे. प्रत्येक स्थितीत गरगर थांबेपर्यंत, आणि किमान 30 सेकंद, थांबायचे. पहिल्या वेळी हे तज्ज्ञांकडूनच करून घ्यावे; मानेचा गंभीर आजार किंवा दृष्टिपटलाचा (रेटिनाचा) त्रास असेल, तर घरी मुळीच करू नये.

प्रत्येक चक्कर बीपीपीव्ही नसते, हेही विसरू नये. कानात दडा, शिट्टीसारखा आवाज आणि ऐकू कमी येणे यांसह तासन्‌तास टिकणारी चक्कर मेनिएर या आंतरकर्णाच्या आजाराची असू शकते. तिथे एप्ली पद्धतीचा उपयोग नाही, जेवणातले मीठ कमी करावे लागते. दिवसभर न थांबणारी गरगर तोल सांभाळणाऱ्या कानाच्या नसेला विषाणूमुळे आलेल्या सुजेची असू शकते. त्यात पहिले एक-दोन दिवस सोडले, तर पडून राहणे हीच चूक ठरते, कारण हालचाल केल्याशिवाय मेंदू नव्याने तोल साधायला शिकत नाही.

मात्र चकरेसोबत बोलणे जड झाले, एकाचे दोन दिसू लागले, तोंड वाकडे झाले, हात-पाय लुळा पडला किंवा उभेही राहता येईना, तर कानाचा विचार बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे, कारण तो पक्षाघात असू शकतो. एका कानाने अचानक ऐकू येणे बंद झाले, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

बरे झाल्यावरही बीपीपीव्ही काही महिन्यांनी परत येऊ शकतो. म्हणून कोणत्या कुशीवर गरगरले आणि किती सेकंद, हे वहीत लिहून ठेवावे आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्यावे. त्याची कमतरता भरून काढल्यास पुन्हा होण्याचे प्रमाण घटते.