जुन्या बांधणीतले लॅटिन तुकडे वाचताना या चुका टाळा

पंधराव्या ते सतराव्या शतकातलं एखादं युरोपीय पुस्तक उघडलं की पुठ्ठ्याच्या आतून कधीकधी भलत्याच अक्षरातलं चर्मपत्र डोकावतं. बाइंडरच्या लेखी ती मजबूत रद्दी. जुनी पोथी कापून तो कण्याला अस्तर लावी, शिवणीत पट्ट्या घाली, नाहीतर आख्खं पान वेष्टन म्हणून गुंडाळी. त्या रद्दीत हजार-बाराशे वर्षांपूर्वीचा मजकूरही निघतो, आणि मग हात शिवशिवतात.

पहिली चूक तिथेच होते: तुकडा सोडवून घेणं. स्वित्झर्लंडमधल्या सेंट गॅलन इथे तिथल्या मठाचे ग्रंथपाल इल्डेफॉन्स फॉन आर्क्स यांनी १८२२ मध्ये बांधण्यांतून काढलेल्या पानांचा संग्रह केला. त्यात रोमन कवी व्हर्जिलच्या अतिप्राचीन प्रतीची पानं आहेत. ते काम मोठंच. पण आज कुणी तसं करू नये. तुकडा कोणत्या पुस्तकात, कोणत्या जागी होता, हाही पुरावा असतो, आणि तो एकदा गेला की परत मिळत नाही. पान आधीच कुणी काढलं असेल तर पुठ्ठा नीट पाहा. शाईचा उलटा ठसा तिथे उरलेला असतो. फोटो काढून आडवा उलटवा, अक्षरं सरळ होतात.

दुसरी चूक, गोल आणि सुटसुटीत अक्षर दिसलं की ‘नववं शतक’ म्हणून मोकळं होणं. पंधराव्या शतकातल्या इटालियन मानवतावाद्यांनी, म्हणजे प्राचीन विद्येच्या अभ्यासकांनी, कॅरोलिंजियन वळणच, म्हणजे नवव्या शतकाच्या सुमाराचं ते गोल अक्षरच, पुन्हा उचललं. त्यांनी शाईविना, टोकदार साधनाने ओळी आखायची जुनी रीतही उचलली, तेव्हा आखणीवर एकटीवर विसंबू नका. ‘आय’वर टिंब किंवा बारीक रेघ दिसते का, ‘टी’चा दांडा आडव्या रेघेच्या वर येतो का, ते बघा. दोन्ही असतील तर काळ बहुधा उशिराचा.

वळणावरून प्रदेश ठरवतानाही असाच घात होतो. माझं या विषयातलं सर्वांत लाडकं उदाहरण नॉर्थम्ब्रियातलं, म्हणजे उत्तर इंग्लंडमधल्या जुन्या राज्यातलं आहे. मठाधिपती केओलफ्रिथ यांनी तीन भव्य बायबल लिहवून घेतली आणि ७१६ मध्ये त्यांतलं एक घेऊन ते रोमला निघाले. आज ते फ्लॉरेन्समध्ये आहे. त्याची अक्षरं इतकी इटालियन धाटणीची, की एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत ते इटलीतलंच मानलं जाई. शेवटी अर्पणपत्रिकेत खोडून बदललेलं नाव केओलफ्रिथ यांचं आहे, हे इटालियन अभ्यासक दे रोसी यांनी ओळखलं आणि कोडं सुटलं. उरलेल्या दोनांपैकी एकाची पानं सोळाव्या शतकात नॉटिंगहॅमशरमधल्या एका घराण्याच्या जमिनीच्या कागदपत्रांची वेष्टनं झाली होती. लिहिलं कुठे, कापलं कुठे! बांधणीचं गाव हे पोथीचं गाव धरू नये, ते एवढ्यासाठी.

मजकूर ओळखताना सर्वांत जास्त फसवतं ते बायबलचं वचन. वचन सापडलं म्हणून पान बायबलचं ठरत नाही. पुढे विवरण सुरू झालं तर प्रवचन किंवा भाष्य असेल. शुभवर्तमानाचा उतारा ‘इन इल्लो तेंपोरे’ने (‘त्या काळी’) सुरू झाला तर ते बहुधा उपासनेतलं वाचन. शोधयंत्रात काहीच सापडत नसेल तर स्पेलिंग बदलून पाहा. त्या काळचे लेखनिक ‘एई’च्या जागी नुसता ‘ई’ लिहीत, ‘बी’ आणि ‘व्ही’ची अदलाबदल करीत. ‘हाबितावित’ म्हणजे ‘राहिला’, ‘हाबिताबित’ म्हणजे ‘राहील’. एका अक्षराने काळच फिरतो. संक्षेप नसलेले तीन-चार सलग शब्द शोधायला घ्या, ‘देउस’ (देव) आणि ‘दोमिनुस’ (प्रभू) सोडून, कारण ते जवळजवळ नेहमीच संक्षिप्त असतात.

पुसट अक्षरांना पाणी किंवा रसायन लावू नका. एकोणिसाव्या शतकात मायफळाचा अर्क लावून वाचलेली पानं आज तपकिरी डागांनी कायमची झाकली गेली आहेत. अतिनील प्रकाशातला फोटो पुरतो. दोन्ही बाजू टिपा, शेजारी मोजपट्टी ठेवा. आणि त्याच बाइंडरची इतर पुस्तकं मागवून बघा, कारण एक पोथी फाडली की तिची पानं तो अनेक बांधण्यांत वापरी. तुमच्या पट्टीची अर्धी ओळ शेजारच्या खंडाच्या कण्यात असू शकते.