जुन्या नॅसमध्ये किती टीबीची डिस्क चालेल? पैसे टाकायच्या आधी हे तपासा

घरातला दोन बे किंवा चार बेचा (बे म्हणजे एक डिस्क बसायचा खण) नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कला जोडलेला डिस्कचा बॉक्स, पाच-सहा वर्षं जुना झाला की हमखास भरतो, लग्नाचे व्हिडिओ, पोरांचे फोटो, सगळ्यांच्या मोबाइलचे बॅकअप, आणि मग प्रश्न येतो की डेटाशीटवर तर "कमाल ८ टीबी" लिहिलंय, मग १६ ची घातली तर चालेल का. बऱ्याचदा चालते. तो आकडा म्हणजे बॉक्स बाजारात आला तेव्हा जी सगळ्यात मोठी डिस्क मिळत होती आणि कंपनीने टेस्ट केली होती ती. सॅटा पोर्टला (डिस्क जिथे जोडतात तो) ८ काय नि १६ काय, फरक पडत नाही, ४८ बिट अ‍ॅड्रेसिंग आल्यापासून तिथली मर्यादा इतकी लांब आहे की घरच्या माणसाने तिचा विचारच करू नये. त्यामुळे पहिलं काम, कंपनीच्या साइटवर आपल्या मॉडेलची आजची कंपॅटिबिलिटी लिस्ट (चालणाऱ्या डिस्कची यादी) उघडायची, बॉक्सच्या खोक्यावरची नाही, आणि फर्मवेअर (नॅसचं आतलं सॉफ्टवेअर) शेवटच्या व्हर्जनवर आणून ठेवायचं.

खरी अडचण डिस्कच्या साइजला नसते, व्हॉल्यूमला (डिस्क मिळून नॅस जी एक सलग जागा बनवतो ती) असते, आणि इथेच लोक फसतात.

प्रोसेसर ३२ बिटचा असेल तर त्याला मोजता येणारा आकडा आहे ४,२९,४९,६७,२९६. लिनक्सवर चालणारे नॅस साधारण ४ केबीचे ब्लॉक मोजतात, म्हणजे गुणाकार केला की बरोबर १६ टीबी, तेही कॉम्प्युटरच्या १०२४ च्या हिशोबाने. डिस्कवाल्या कंपन्या १००० च्या हिशोबाने विकतात, म्हणून १६ ची डिस्क नॅसमध्ये १४.५५ दिसते, ती आत बसते. १८ ची दिसते १६.३७, म्हणजे ती एकटीच भिंतीच्या पलीकडे गेली. आणि चार बेवाल्यांनी तर जास्तच बघा, ८ च्या चार डिस्क रेड ५ मध्ये (RAID, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा टिकावा अशी डिस्कची जोडणी) लावल्या की २४ टीबी होतात, नॅसच्या हिशोबाने २१.८, प्रोसेसर ३२ बिट असेल तर एका व्हॉल्यूममध्ये हे मावणारच नाही, दोन व्हॉल्यूम करावे लागतील.

प्रोसेसर कुठला हे सिस्टिम इन्फोच्या पानावर असतं. एसएसएच (कॉम्प्युटरवरून नॅसला कमांड द्यायची सोय) चालू असेल तर "uname -m" कमांड मारा, उत्तरात आर्मव्ही७ किंवा आय६८६ आलं तर ३२ बिट, एआर्च६४ किंवा एक्स८६-६४ आलं तर मोकळे. पण एक गोष्ट राहतेच, व्हॉल्यूम जर आधी ३२ बिटवाल्या बॉक्समध्ये बनवला असेल आणि तुम्ही त्याच डिस्क उचलून नवीन ६४ बिट बॉक्समध्ये टाकल्या, तर फाइल सिस्टिम जुन्याच मापाची राहते आणि १६ च्या वर एक्सपांड होत नाही, बॅकअप घेऊन व्हॉल्यूम नव्याने बनवणं हाच उपाय. ६४ बिटलाही प्रत्येक कंपनीची स्वतःची मर्यादा असते, सिनॉलॉजीच्या बऱ्याच मॉडेल्सना १०८ टीबी आहे, ती आपल्याला घरी कशाला लागतेय म्हणा.

दुसरी जुनी भिंत २.२ टीबीची. ती हल्ली नॅसमध्ये नाही तर बॅकअपसाठी जोडलेल्या जुन्या यूएसबी डॉकमध्ये (डिस्क खोचायचा स्टँड) भेटते, ३ टीबीची डिस्क लावली आणि ७४६ जीबी दिसले तर डिस्क खराब नाही, डॉक जुना आहे. दुकानात भांडायला जाऊ नका, डॉक बदला.

डिस्क घेताना साइजइतकंच सीएमआर की एसएमआर ते बघा, या डेटा लिहायच्या दोन पद्धती आहेत. एसएमआरमध्ये ट्रॅक एकमेकांवर चढवलेले असतात (सीएमआरमध्ये नसतात), रीबिल्डला, म्हणजे नवीन डिस्कवर डेटा परत भरताना, प्रचंड रडवतात. २०२० मध्ये डब्ल्यूडीच्या "रेड" (Red, हे मॉडेलचं नाव, RAID नव्हे) मालिकेतल्या २ ते ६ टीबीच्या काही डिस्क एसएमआर निघाल्या यावरून बराच गदारोळ झाला होता, तेव्हापासून सीएमआर हवी तर रेड प्लस असं समीकरण आहे. सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून भारतातली वॉरंटी बघा आणि मगच पैसे द्या, स्वस्तात मिळालेल्या डिस्कला कधीकधी तिथेच नकार मिळतो. जुन्या ट्रेमध्ये आणखी एक गंमत होते, मोठ्या डिस्कना खालची मधली स्क्रूची भोकं बऱ्याचदा नसतात, ट्रेची भोकं जुळतात का बघून घ्या. अडॅप्टर म्हातारा झाला असेल तर पुण्यात तपकीर गल्लीत मिळेल, फक्त व्होल्ट, अँपिअर आणि पिनची पोलॅरिटी जुन्याचीच, कारण फिरायला सुरुवात करताना एकेक डिस्क १२ व्होल्टवर २ अँपिअरच्या आसपास ओढते.

आता बदलायची कशी. आधी वेगळ्या डिस्कवर बॅकअप (रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे कितीदा सांगायचं). मग एकच डिस्क काढायची, नवीन घालायची, रिपेअर द्यायचं आणि हात बाजूला. १६ टीबी सेकंदाला १५० ते २०० एमबीने म्हणजे २२ ते ३० तास, त्यात कोणी फोटो बघत बसलं तर आणखी. त्यामुळे पुण्यात बुधवारी रात्री हे काम काढूच नका, गुरुवारी मेंटेनन्ससाठी लाइट गेली की रीबिल्ड मध्येच लटकतो. शुक्रवारी संध्याकाळी सुरू करा. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, चेंजओव्हरच्या झटक्याला काही बॉक्स रीस्टार्ट होतात, छोटा यूपीएस आणि त्याची यूएसबी केबल नॅसला, म्हणजे बॅटरी संपत आली की नॅस स्वतःच नीट बंद होतो.

स्टेटस हेल्दी झालं की मगच दुसरी डिस्क, त्याच पद्धतीने. दोन्ही झाल्यावरही कधीकधी जागा जुनीच दिसेल, घाबरू नका, रेड १ मध्ये (दोन्ही डिस्कवर तोच डेटा) लहान डिस्कइतकीच जागा मिळते, त्यामुळे पहिल्या डिस्कने काही वाढत नाही, आणि दुसरीनंतर काही बॉक्समध्ये स्टोरेज मॅनेजरमध्ये जाऊन एक्सपांड स्वतः दाबावं लागतं. ते दाबलं की १४.५ च्या आसपास आकडा दिसला पाहिजे. तिथपर्यंत जुन्या डिस्क फॉरमॅट करू नका, आणि ओएलएक्सवर तर टाकूच नका.