तूर विकायची की डाळ? गावठाणच्या विजेवर मिनी डाळमिल

विदर्भ-मराठवाड्यातल्या दोन-तीन एकरवाल्याची तूर जानेवारी-फेब्रुवारीत बाजार समितीत जाते आणि तीच डाळ होऊन पावसाळ्यात किराणा दुकानातून त्याच्याच घरी येते. गावात वीज असेल तर हा फेरा टाळता येतो.

१. आधी जागा, मग यंत्र. शेतीच्या फिडरवर, म्हणजे उपकेंद्रातून येणाऱ्या वीजवाहिनीवर, थ्री फेज वीज आठ-दहा तास, तेही पाळीने. गावठाणचा फिडर वेगळा झाला असेल तर तिथे वीज बऱ्यापैकी टिकते, म्हणून गिरणी गावठाणातच टाका. पंपाच्या जोडणीवर ती चालवायचा मोह नको. ज्या कामासाठी वीज घेतली ते सोडून दुसऱ्या कामाला वापरली, तर २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ प्रमाणे दुप्पट दराने आकारणी होते. डाळमिलला औद्योगिक दर लागतो, तो दुकानाच्या दरापेक्षा कमी असतो. अर्जात ‘डाळमिल’ असं स्पष्ट लिहा.

२. विजेचा हिशेब करा. १ एचपी म्हणजे ७४६ वॅट. ३ एचपीची मोटर भाराखाली तासाला साधारण अडीच-पावणेतीन युनिट घेते. युनिट १० रुपये धरलं तरी तासाला २५-२८ रुपये. खरा खर्च मजुरीचा आणि मोटर बंद असतानाही भरावा लागणाऱ्या स्थिर आकाराचा. त्यामुळे तूर संपली की हरभरा, मूग, उडीद घ्या. पावसाळ्यात वाळवण होत नाही, तेव्हा त्याच जोडणीवर मसाला कांडप चालतं.

३. यंत्र बघायला अकोल्याला जा. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने पीकेव्ही मिनी डाळमिल छोट्या गिरणीसाठीच विकसित केली आहे. संध्याकाळी व्होल्टेज पडतं. ओव्हरलोड रिले (जास्त भार आला की मोटर बंद करणारा भाग) असलेला स्टार्टर आणि नीट अर्थिंग यांत काटकसर करू नका.

४. पैशासाठी २०२० मध्ये सुरू झालेल्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया उद्योग योजनेची चौकशी तालुका कृषी कार्यालयात करा. तिच्यात बँक कर्जाला जोडून ३५ टक्के, कमाल १० लाख रुपये अनुदानाची तरतूद आहे. अनुदान नंतर जमा होतं, हे धरूनच हप्ता ठरवा.

५. पहिलं पोतं स्वतःच्या तुरीचं. चाळा, टरफलाला ओरखडे पाडा, तेल-पाणी लावून उन्हात वाळवा, मग भरडा. क्विंटलला ७० किलोच्या आसपास डाळ पडली तर ठीक. घट बघूनच लोकांसाठी भरडाईचा दर ठरवा. चुनी, म्हणजे भरडताना निघणारी कणी-टरफलं, कोणाची, हेही तेव्हाच बोलून घ्या. गावात डाळीपेक्षा चुनीवरून जास्त भांडणं होतात.