चोवीस युरोंतला कर कुणाच्या खिशातून? परदेशी ग्राहकांसाठी किमती ठरवतानाचा अनुभव

परदेशात माल पाठवणाऱ्या एका छोट्या ऑनलाइन दुकानाच्या किमतींचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा सेटिंगमध्ये एक चौकट दिसली: ‘किमती करासहित दाखवा’. तिथे खूण केली आणि काम झालं असं समजून मी पुढे गेले. नंतरचे कित्येक आठवडे त्या एका खुणेचे हिशेब निस्तरण्यात गेले. हे काम नव्याने हाती घेणाऱ्यांना ती धावपळ टाळता यावी, म्हणून लिहिते आहे.

आम्ही हाताने बांधलेल्या कोऱ्या वह्या विकायचो. माल युरोपीय संघाच्या बाहेरून जायचा. आधी वेबसाइटवर कराशिवायची किंमत असायची आणि पार्सल दारात पोचलं की कुरिअरवाला व्हॅट मागायचा, वर स्वतःचं हाताळणी शुल्कही. युरोपीय संघात पूर्वी २२ युरोंपर्यंतच्या पार्सलला आयातीवेळी व्हॅट माफ होता. १ जुलै २०२१ पासून ती माफी गेली आणि एका वहीवरही कर लागू झाला. ग्राहक चिडायचे, पार्सल नाकारायचे, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. किंमत म्हणून जो आकडा आपण दाखवतो, तेवढ्यातच वस्तू मिळेल असं त्यांनी धरलेलं असतं.

यावरचा उपाय म्हणजे आयओएसएस (इम्पोर्ट वन-स्टॉप शॉप) ही युरोपीय संघाची व्हॅट-नोंदणी. पार्सलमधल्या मालाची किंमत १५० युरोंपर्यंत असेल तर विक्रीच्या वेळीच व्हॅट घ्यायचा आणि दर महिन्याला एकच रिटर्न भरून सगळ्या सदस्य देशांचा कर एका ठिकाणी जमा करायचा. संघाबाहेरच्या विक्रेत्याला यासाठी सहसा संघातला मध्यस्थ नेमावा लागतो. हे १५० युरो व्हॅट आणि वेगळा दाखवलेला वाहतूक खर्च सोडून मोजतात. म्हणजे फ्रान्सच्या २० टक्के दराने १७५ युरोंची ऑर्डरही या मर्यादेत बसते, कारण करापूर्वीची किंमत १४५.८३ युरो होते. आम्ही सुरुवातीला करासहित आकडाच मर्यादेशी ताडून बघत होतो आणि बसणाऱ्या ऑर्डरी उगाच बाहेर काढत होतो.

आता त्या खुणेकडे येते. वहीची किंमत आम्ही सगळ्या देशांसाठी सरसकट २४ युरो ठेवली. आकडा दिसायला एकच, पण त्यातून आपल्या हाती उरणारी रक्कम देशागणिक बदलते. जर्मनीत व्हॅट १९ टक्के, तिथे करापूर्वीची किंमत २०.१७ युरो. हंगेरीत २७ टक्के, तिथे १८.९०. वहीला सगळा खर्च धरून १६ युरो लागत असतील, तर जर्मनीत ४.१७ युरो सुटतात आणि हंगेरीत २.९०. तीच वही, तोच आकडा आणि नफा जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी. करासहित किंमत म्हणजे दरांमधला फरक कुणी सोसायचा याचा निर्णय असतो. तो तुम्ही घेतला नाही तर सॉफ्टवेअर तुमच्या वतीने घेऊन टाकतं.

आणि प्रत्येक सॉफ्टवेअर तो सारखा घेत नाही. वूकॉमर्स या ऑनलाइन दुकान चालवायच्या सॉफ्टवेअरमध्ये किमती करासहित भरल्या तर ते मुळात दुकानाच्या देशाचा कर वजा करतं आणि ग्राहकाच्या देशाचा कर चढवतं, म्हणजे ग्राहकागणिक आकडा बदलतो. सगळीकडे एकच आकडा हवा असेल तर कोडची एक ओळ वेगळी घालावी लागते. दोन्ही पद्धती चालतात. मात्र पहिलीत एक धोका आहे: ग्राहकाचा देश आधी आयपी पत्त्यावरून ओळखला जातो आणि खरा पत्ता चेकआउटला कळतो. मग वस्तूच्या पानावर २४ दिसलेली वही पैसे भरताना २५ च्या पुढे जाते, आणि ग्राहक तिथेच कार्ट सोडतो. म्हणून युरोपीय संघासाठी एकच ठरलेली किंमत मला जास्त पटते. फक्त ती ठरवताना तुमच्याकडे ज्या देशांतून खरोखर ऑर्डरी येतात, त्यांतला सगळ्यात चढा दर धरा आणि त्या दरालाही परवडेल असा आकडा काढा. लक्झेंबर्गच्या १७ टक्क्यांवर जास्त सुटतील, सुटू द्या.

एक चूक फार जणांकडून होताना पाहिली आहे, माझ्याकडूनही झाली. २४ युरोंत २० टक्के कर किती? मी चोवीसचे वीस टक्के काढले, ४.८० लिहिले आणि पहिल्या महिन्याचा हिशेब तसाच तयार केला. बरोबर उत्तर ४ युरो. कर वीस युरोंवर लागलेला असतो, चोवीसवर नाही. करासहित किमतीला १.२० ने भागा, ती करापूर्वीची किंमत, उरलेला तो कर. प्रत्येक वहीमागे ८० सेंट जास्त भरण्याची पाळी येणार होती. मध्यस्थाच्या लेखापालाने रिटर्न भरण्याआधी ते पकडलं आणि अतिशय शांतपणे समजावून सांगितलं. त्यांचे आभार मी आजही मानते.

दुसरी चूक वर्गवारीची. कुणीतरी वह्या ‘पुस्तके’ या कर-गटात टाकल्या होत्या. छापील पुस्तकांना जर्मनीत ७ टक्के आणि ब्रिटनमध्ये शून्य दर आहे. पण कोरी वही म्हणजे पुस्तक नाही, ती लेखनसामग्री, आणि तिला पूर्ण दर लागतो. फरकाची रक्कम ग्राहकाकडून मागता येत नाही, ती आपल्यालाच भरावी लागते. तेव्हा किंमत ठरवायच्या आधी वस्तूचा कर-गट पक्का करा.

युरोपबाहेर प्रत्येक बाजाराचा रिवाज निराळा. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२१ पासून १३५ पौंडांपर्यंतच्या पार्सलवर २० टक्के व्हॅट विक्रीच्या वेळीच घ्यायचा असतो. ऑस्ट्रेलियात जीएसटी १० टक्के, न्यूझीलंडमध्ये १५, जपानमध्ये उपभोग कर १० टक्के (तिथे २०२१ पासून करासह एकूण किंमत दाखवणं बंधनकारक आहे). या सगळ्या ठिकाणी करासहित आकडाच दाखवा. अमेरिका आणि कॅनडात मात्र ग्राहकाला कर शेवटी वेगळा जोडलेला पाहायची सवय आहे. अमेरिकेत विक्रीकर राज्यागणिक, अनेकदा शहरागणिकही बदलतो, आणि ऑरेगनसारख्या काही राज्यांत तो नाहीच. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या वेफेअर खटल्यातल्या निकालानंतर राज्याबाहेरच्या विक्रेत्यालाही ठरावीक विक्रीनंतर कर गोळा करावा लागतो. तिथे करासहित किंमत दाखवायच्या फंदात पडू नका. स्वतंत्र किंमत-यादी ठेवा.

किंमत बरोबर असूनही ग्राहक दुखावला जाऊ शकतो, हेही अनुभवलं. आमचा आयओएसएस क्रमांक मी पाकिटावरच्या कागदावर छापला होता, पण कुरिअरला पाठवायच्या डिजिटल माहितीत तो गेलाच नव्हता. कस्टम्सला तो दिसला नाही आणि लोकांना दारात पुन्हा व्हॅट भरावा लागला. एकाच वहीवर दोनदा कर. सगळ्यांना पैसे परत करायला आणि माफीची पत्रं लिहायला पूर्ण आठवडा गेला. ‘कर समाविष्ट’ हे शब्द म्हणजे ग्राहकाला दिलेला शब्द असतो, आणि तो दारापर्यंत पाळायचा असतो.

पूर्णांकनाकडेही (राउंडिंगकडे) लक्ष असू द्या. ९.९९ युरोंची तीन पेनं, दर १९ टक्के. एकेका पेनाचा कर १.६०, तिनांचा ४.८०. पण एकूण २९.९७ वर काढला तर ४.७९. इन्व्हॉइस एका पद्धतीने आणि रिटर्न दुसऱ्या पद्धतीने निघालं की महिनाअखेर काही सेंट कुठेच जुळत नाहीत. कोणतीही एक पद्धत निवडा आणि सगळीकडे तीच वापरा.

नवा देश सुरू करण्याआधी मी आता चार चाचणी ऑर्डरी करते: एक नग, तीन नग, सवलतीच्या कुपनासह एक आणि एक परत केलेली. परतीची सोडू नका. फिनलंडचा दर १ सप्टेंबर २०२४ ला २४ वरून २५.५ टक्के झाला. ऑगस्टमध्ये विकलेली वही सप्टेंबरात परत आली, तर परताव्यातला कर २४ टक्क्यांनीच निघाला पाहिजे. तुमचं सॉफ्टवेअर त्या जागी आजचा दर उचलतं का, एवढं नक्की तपासा.