ग्रेटफुल डेडच्या मैफलींची ध्वनिमुद्रणं जमवायची तर

ग्रेटफुल डेड हा अमेरिकी रॉक बँड १९६५ ते १९९५ अशी तीस वर्षं वाजवत राहिला. सुमारे २,३०० कार्यक्रम झाले आणि त्यांतल्या बहुतेकांचं काही ना काही ध्वनिमुद्रण शिल्लक आहे. त्यात एकेका रात्रीची चार-चार, पाच-पाच मुद्रणं सापडतात, कारण श्रोत्यांमध्ये मायक्रोफोन लावून बसणारे अनेक जण असायचे. या ढिगासमोर नवा माणूस आला की दिसेल ते उतरवत सुटतो. डिस्क भरते, ऐकणं मागे पडतं, आणि वर्षभराने कुठलं मुद्रण कशासाठी घेतलं होतं तेही आठवत नाही.

म्हणून माझा आग्रह असा असतो की संग्रहाचा हिशेब तारखांनी करू नये. एखादी रात्र कुणी टिपली, सभागृहात कुठे बसून, कुठल्या यंत्रावर, आणि मग कुठल्या कुठल्या प्रतींमधून ती आपल्यापर्यंत आली, हे ज्या मुद्रणाबद्दल सांगता येतं ते ठेवण्यासारखं. बाकीचं नुसतं ऐकून सोडून द्यावं.

सुरुवात एका दौऱ्यापासून करा. या बँडचा आवाज दर काही वर्षांनी पालटत गेला. १९६९मध्ये गायक पिगपेनचं ब्लूज अंगाचं गाणं आहे. १९७२च्या युरोप दौऱ्यात कीथ गॉडशॉचा पियानो आहे. त्या दौऱ्याच्या २२ही मैफली सोळा ट्रॅकवर मुद्रित झाल्या आहेत. १९७४ हे ‘वॉल ऑफ साउंड’ या प्रचंड ध्वनियंत्रणेचं वर्ष. त्या ऑक्टोबरपासून १९७६च्या जूनपर्यंत दौरे जवळजवळ थांबले. १९७७च्या वसंतातलं वादन सगळ्यांत नेमकं आणि बांधेसूद. १९७९मध्ये कीबोर्ड वाजवणारा ब्रेंट मिडलंड आला आणि १९९०मध्ये गेला. त्याच्या आवाजाने आणि हॅमंड ऑर्गनने तो काळ ओळखता येतो. माझा जीव १९७२ ते ७४मध्ये अडकलेला आहे. पण नव्या माणसाला मी १९७७चा मे महिना सुचवते, कारण त्या महिन्यातली मुद्रणं भरपूर आहेत, चांगली आहेत, आणि सलग ऐकली की तेच गाणं रात्रीगणिक कसं वळण घेतं ते लवकर कळतं.

आता मुद्रणांचे प्रकार. ध्वनिमिश्रकाच्या टेबलावरून थेट तारेने घेतलेलं ते साउंडबोर्ड. त्यात प्रत्येक वाद्य स्वच्छ ऐकू येतं, टाळ्या आणि गर्दी जवळजवळ नाहीशी होते. साउंडबोर्ड म्हणजे सर्वोत्तम असं पुष्कळ जण धरून चालतात, मला ते पटत नाही. टेबलावरचं मिश्रण त्या सभागृहातल्या लोकांसाठी केलेलं असतं. जागा लहान असेल तर गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर रंगमंचावरूनच पुरेसा मोठा ऐकू जातो, मग टेबलावर गिटार कमी ठेवतात, आणि टेपवर गाणं पुढे, गिटार कुठेतरी मागे असा प्रकार होतो.

श्रोत्यांमधून मायक्रोफोनवर घेतलेली ती ऑडियन्स टेप. चांगल्या टेपरने, म्हणजे मैफल टेप करणाऱ्या श्रोत्याने, चांगल्या जागेवरून घेतलेली असेल तर तिच्यात सभागृहाची हवा असते: बासचा धक्का छातीवर येतो, आणि गाणं ओळखू येताच उठणारा लोकांचा आवाज ऐकू येतो. इथे मायक्रोफोनची जागा महत्त्वाची. १९८४च्या ऑक्टोबरपासून बँडने टेपर मंडळींना ध्वनिटेबलाच्या मागे अधिकृत जागा आणि वेगळी तिकिटं दिली. त्याआधी आणि काही वेळा त्यानंतरही लोक टेबलाच्या पुढे, स्पीकरांच्या जवळ बसून टेप करत. अशा मुद्रणाच्या नावात ‘एफओबी’, म्हणजे ‘फ्रंट ऑफ बोर्ड’, लिहिलेलं असतं. एकाच रात्रीच्या दोन ऑडियन्स टेप समोर असतील तर मी एफओबी आधी ऐकते.

तिसरा प्रकार मॅट्रिक्स, म्हणजे साउंडबोर्ड आणि ऑडियन्स टेप एकत्र मिसळलेली. हे काम फार कौशल्याचं आहे. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे रंगमंचापासून तीस मीटरवर बसलेल्याचा मायक्रोफोन जवळजवळ एक दशांश सेकंद मागे असतो. शिवाय दोन टेपयंत्रांची गती कधीच तंतोतंत सारखी नसते, त्यामुळे एकदा जुळवलेली मुद्रणं थोड्याच वेळात पुन्हा सुटतात. मॅट्रिक्स तपासायची तर मैफलीच्या दुसऱ्या भागाच्या शेवटाकडे जा आणि ड्रमचा एकेक ठोका ऐका. तो दुहेरी वाटत असेल तर ते मुद्रण सोडा.

रेडिओवरून प्रसारित झालेल्या मैफली हा आणखी एक प्रकार. त्या सहसा स्वच्छ असतात, मात्र एफएमवर १५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज जात नाही, हे पुढे कामाला येईल.

मुद्रणाबरोबर एक साधी मजकुराची फाइल येते. ती पुसू नका, तीच त्या मुद्रणाची वंशावळ असते. तिच्यात लिहिलेलं असतं: साउंडबोर्ड, मग रीळ, मग कॅसेट, मग डॅट (डिजिटल टेप), मग सीडी, मग फ्लॅक (आवाज न गमावता दाबलेली फाइल). या साखळीत प्रत्येक कॅसेट प्रतीने सुरसुर वाढलेली असते. डिजिटल झाल्यानंतरच्या प्रतींनी तसं होत नाही. म्हणून ‘मास्टर कॅसेटवरून’ लिहिलेलं मुद्रण आणि ‘तिसऱ्या पिढीच्या कॅसेटवरून’ लिहिलेलं मुद्रण यांत पहिलं निवडायचं, मग दुसऱ्यावर ऐकणाऱ्यांनी कितीही तारे दिलेले असोत.

वंशावळ का पाहायची याचं सर्वांत चांगलं उदाहरण म्हणजे ८ मे १९७७ची कॉर्नेल विद्यापीठातल्या बार्टन हॉलमधली मैफल. बँडच्या ध्वनिमुद्रक बेटी कँटर-जॅक्सन यांनी ती टेबलावरून रिळांवर घेतली. पुढे भाडं थकल्यामुळे त्यांची रिळं ठेवलेल्या गोदामाचा लिलाव झाला आणि १९८६मध्ये ती वेगवेगळ्या लोकांच्या हाती गेली. तिथून प्रतींवर प्रती निघाल्या. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदणीत ही मैफल घेतली, आणि २०१७मध्ये ती अधिकृतपणे प्रकाशित झाली. त्यामुळे एकाच रात्रीची कितीतरी रूपं आज फिरतात. अधिकृत प्रत विकत घ्या, आणि तिच्या जोडीला त्या रात्रीची एखादी ऑडियन्स टेप ठेवा. दोन्ही पाठोपाठ ऐकल्या की साउंडबोर्डमध्ये काय सुटतं ते लगेच कानाला कळतं.

तारखांबद्दल एक सावधगिरी. जुन्या कॅसेटच्या कागदावर अमेरिकी पद्धतीने आधी महिना लिहिलेला असतो. ५/८/७७ म्हणजे ८ मे. ५ ऑगस्ट नव्हे. आपल्या फोल्डरला नाव देताना वर्ष, महिना, दिवस याच क्रमाने द्या, म्हणजे सगळं आपोआप काळाच्या ओळीत लागतं. नावात तारखेनंतर मुद्रणाचा प्रकार आणि मुद्रणाचा क्रमांक असू द्या.

मिळवायचं कुठून? इंटरनेट आर्काइव्हच्या लाइव्ह म्युझिक आर्काइव्हमध्ये या बँडचा मोठा विभाग आहे. २००५च्या शेवटापासून तिथली साउंडबोर्ड मुद्रणं फक्त ऐकता येतात, ऑडियन्स टेप उतरवूनही घेता येतात. साउंडबोर्ड संग्रही हवी असतील तर अधिकृत मालिका घ्याव्यात: बँडच्या टेप सांभाळणारे डिक लाटवाला यांच्या नावाची ‘डिक्स पिक्स’, १९९३ ते २००५मध्ये ३६ खंड, आणि २०१२पासून त्यांच्यानंतर ते काम पाहणारे डेव्हिड लेमियू यांची ‘डेव्ह्ज पिक्स’. बँडने टेप करायला आणि आपापसांत वाटायला मोकळीक दिली ती एका अटीवर, की कुणी त्यावर पैसे कमवायचे नाहीत. कॅसेटच्या काळात नवख्याने कोऱ्या टेप आणि टपालखर्च पाठवायचा आणि समोरच्याने फुकट प्रत करून द्यायची, अशी रीत होती. कुणी या टेप विकत असेल तर त्याच्याकडून घेऊ नका.

फाइल आली की तपासणी. फ्लॅक फाइलच्या पोटात फक्त आवाजाचा एक ठसा साठवलेला असतो. गाण्याचं नाव, तारीख, ठिकाण अशा टॅग भरल्या तरी तो बदलत नाही. संपूर्ण फाइलचा एमडी५, म्हणजे संगणकाने काढलेला ठसा, मात्र एक टॅग भरली की बदलतो. म्हणून मी दोन संच ठेवते: एक आला तसा, हात न लावलेला, दुसरा ऐकण्यासाठी, टॅग भरलेला.

आवाजातल्या कंपनसंख्यांचा आलेख काढून पाहा. १६ किलोहर्ट्झच्या आसपास भिंतीसारखा कापलेला दिसला तर मधल्या कुणीतरी एमपी३ची फ्लॅक केली असण्याची दाट शंका आहे. पण निकाल देण्याआधी वंशावळ वाचा. एफएमवरचं मुद्रण १५ला थांबतं, आणि ३२ किलोहर्ट्झवर केलेली डॅट १६ला थांबते. तो त्यांचा दोष नाही.

गाण्यांच्या सांध्यांवर कान ठेवा. सीडीवरचा आवाज सेकंदाच्या पंचाहत्तराव्या भागाच्या तुकड्यांत असतो, प्रत्येक तुकड्यात ५८८ नमुने. ट्रॅक अशा पूर्ण तुकड्यांवर संपला नाही तर सीडी करताना उरलेली जागा शांततेने भरली जाते आणि दोन गाण्यांच्या मध्ये ‘टक’ असा आवाज येतो. इतर बँडच्या बाबतीत तो टाळ्यांमध्ये बुडून जाईल. डेडची गाणी एकातून दुसरं उमलतात, तिथे तो टोचतो. या दोषाला ‘सेक्टर बाउंडरी एरर’, थोडक्यात एसबीई, म्हणतात; नावात ‘एसबीई ओके’ असेल तर हे कुणीतरी तपासलेलं आहे.

गती तपासायची युक्ती मला सगळ्यांत आवडते. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे तिथल्या टेपवर शांत जागी ६० किंवा १२० हर्ट्झची बारीक गुणगुण मिळते. ती १२२वर दिसली तर टेप वेगात धावते आहे, आणि किती टक्के ते तुम्हाला कळलं. युरोप दौऱ्यासाठी आकडा ५० आणि १०० धरा. गुणगुण नंतरच्या प्रतीतूनही शिरलेली असू शकते, म्हणून गिटारच्या सुरांशीही ताडून पाहा.

जागेची चिंता फारशी नको. सीडीच्या दर्जाचा एक तास न दाबता ६३५ एमबी होतो, फ्लॅकमध्ये साधारण निम्म्यावर येतो. तीन प्रती ठेवा, त्यांतली एक घराबाहेर.

तुमच्या हाती एखादी जुनी कॅसेट आली तर आधी तिचे मागचे प्लास्टिकचे तुकडे मोडा, म्हणजे चुकून तिच्यावर मुद्रण होणार नाही. एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे फिरवा. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. मग हेडचा कल जुळवा: आवाज मोनो करा आणि झांजांची चमक सर्वांत जास्त येईपर्यंत छोटा स्क्रू हलक्या हाताने फिरवा. डॉल्बी (सुरसुर कमी करणारी सोय) वापरून टेप केली होती असं लिहिलेलं असेल तरच डॉल्बी लावा. २४ बिटवर घ्या आणि सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या आत ठेवा. रिळं चिकट झाली असतील तर ती यंत्रावर चढवू नका. ती ठरावीक तापमानाला तापवून मग वाजवावी लागतात आणि ते काम जाणकारांकडेच द्यावं.

शेवटी मजकुराची फाइल लिहायला बसा. कॅसेटची जात, डेक, डॉल्बी होतं की नाही, किती बिट, बाजू कुठे पलटली आणि किती सेकंद गेले, ती पोकळी दुसऱ्या टेपवरून भरली असेल तर कुठल्या, गती किती टक्के बदलली. दुरुस्त न केलेली पहिली फाइलही त्याच फोल्डरमध्ये असू द्या. उद्या कुणाचे कान किंवा यंत्र आपल्यापेक्षा चांगलं निघालं तर त्याला तिथूनच सुरुवात करता येईल.