मचूळ पाणी असेल तर कडधान्य पेरण्याआधी एवढं करा

विहिरीचं किंवा बोअरचं पाणी मचूळ लागतंय? मग आधी फडक्यात चाचणी घ्या. 50 दाणे त्या पाण्याने भिजवलेल्या फडक्यात, 50 गोड्या पाण्याच्या. फडकी सुकू देऊ नका. 5-6 दिवसांनी मोड मोजा. खारेपणामुळे बियाला पाणी ओढणं जड जातं, मोड उशिरा येतात, मूळ आखूड राहतं. उगवलं म्हणजे सुटलो असंही नाही: पुढे मुळांवर नत्र पुरवणाऱ्या गाठी कमी धरतात, पिकाला नत्र कमी पडतं, पानांच्या कडा करपतात. घेवडा यात फारच नाजूक. चवळी, सोयाबीन त्यामानाने चिवट. गोडं पाणी थोडंच असेल तर ते उगवणीसाठी राखा. सरी-वरंब्यावर बी माथ्याला नको, बगलेला टोका. क्षार माथ्यावरच साठतात.