ब्राह्मी मागण्याआधी: कोणती ब्राह्मी?

रामबागेतल्या आमच्या औषधांच्या दुकानात मी 26 वर्षं उभी आहे. परीक्षा आल्या की आया येतात, "काकू, याच्या लक्षात राहत नाही, ब्राह्मी द्या." हल्ली मुली त्वचेसाठीही मागतात. मी दोघींनाही डबी उलटी करून मागचं बारीक वाचायला लावते.

कारण या एका नावावर दोन वनस्पती विकल्या जातात. बाकोपा मोनिएरी लिहिलं असेल तर ती जलब्राह्मी, आपल्याकडची जलनीम: छोटी, मांसल पानं, कडूजहर. सेंटेला एशियाटिका असेल तर मंडूकपर्णी: गोल पान, कडेला दाते, लांब देठ. चरकानं मेध्य रसायनांत, म्हणजे बुद्धी-स्मृतीसाठीच्या औषधांत, मंडूकपर्णीचा रस सांगितला आहे, पण स्मरणशक्तीच्या हल्लीच्या चाचण्या बहुतेक बाकोपाच्या आहेत. त्यांत साधारण रोज 300 मिलिग्रॅम अर्क, 12 आठवडे दिला गेला. फायदा दिसला तो थोडका. उद्याच्या पेपरासाठी आज गोळी घेऊन काही होत नाही.

त्वचेचं काम मंडूकपर्णीचं. तिच्यातलं एशियाटिकोसाइड नावाचं द्रव्य जखम भरताना कोलॅजन (त्वचेला बळकटी देणारं प्रथिन) तयार व्हायला मदत करतं, म्हणून ती मलमात शोभते. गोळी गिळून चेहरा उजळतो याला भक्कम आधार नाही.

सुटं चूर्ण घेऊ नका. बाकोपा ज्या पाण्यात वाढते त्यातले शिसं, कॅडमियम शोषून घेते. नाल्याकाठची पुडी कोण ओळखणार? आणि अर्क दाट केलेला असतो, म्हणून 300 मिलिग्रॅम अर्क म्हणजे 300 मिलिग्रॅम चूर्ण नव्हे, हेही लक्षात असू द्या.

माझ्या नणंदेनं बाकोपा सकाळी अनशापोटी सुरू केली. आठवडाभर मळमळ आणि जुलाब. जेवणानंतर घ्यायला लावली, तेव्हा थांबलं.

मंडूकपर्णीच्या गोळ्यांनी यकृताला सूज आल्याची मोजकी उदाहरणं नोंदलेली आहेत. कावीळ होऊन गेली असेल तर नकोच, इतरांनीही महिनोन्‌महिने सलग घेऊ नये. डोळे पिवळे, लघवी गडद झाली तर त्याच दिवशी बंद करा आणि डबी घेऊनच डॉक्टरकडे जा. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या, थायरॉइडच्या, फिटच्या किंवा झोपेच्या गोळ्या चालू असलेल्या, नाडी मंद असलेल्या माणसांनी आधी विचारावं.

परवा एक मुलगा वडिलांसाठी आला. ते राजवाड्याहून घरी यायचा रस्ता चुकले होते. त्याला मी ब्राह्मी दिली नाही. "आधी डॉक्टरकडे ने," म्हटलं, "बी-12 आणि थायरॉइड तपासायला सांग."